एक वर्ज्य क्रियापद

मराठी शिकवण्यात माझी नोकरीची सगळी वर्षे गेली. क्रियापद हा वाक्याचा कणा असतो, हे नुसते सांगून मुलांना पटत नाही. म्हणून मी वर्गात एक प्रयोग करीत असे. फळ्यावर 'पडणे' असे लिहायचे आणि आज दिवसभर हे क्रियापद न वापरता बोलून दाखवा, असे सांगायचे. मधल्या सुट्टीच्या आत वर्ग हरत असे. पाऊस पडतो, ऊन पडते, थंडी पडते, अंधार पडतो. प्रश्न पडतो, स्वप्न पडते, विसर पडतो, गरज पडते. माणूस आजारी पडतो, घराबाहेर पडतो, जरा आडवा पडतो. हे एक क्रियापद काढून घेतले, तर मराठी माणसाला हवापाण्याविषयीही धड बोलता येत नाही.

हा प्रयोग मुळात माझा नव्हे. देवळाली कॅम्पात आमच्या शेजारी राहणारे एक गृहस्थ तो वर्षानुवर्षे करीत होते, आणि त्यांना त्यात कसलीही गंमत वाटत नव्हती.

त्यांचे नाव निंबा अहिरे. मूळचे सटाण्याकडचे, तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. गल्लीतले लहानथोर त्यांना आप्पा म्हणत. नव्वदच्या दशकाच्या आरंभी माझी बदली कॅम्पातल्या शाळेत झाली आणि आम्ही लॅम रोडच्या मागच्या बाजूला बिऱ्हाड केले. त्याच आठवड्यात एका सकाळी दार वाजले. बाहेर कडक इस्त्रीच्या सदऱ्यातले एक सडसडीत गृहस्थ उभे होते. उजव्या हातात केळीचे पान, पानावर प्राजक्ताची फुले.

"बाई, तुमच्या झाडाची फुले आमच्या हद्दीत उतरली आहेत," ते म्हणाले. "ताब्यात घ्या."

'उतरली' हा शब्द मला फार आवडला. शेजारी कविमनाचा माणूस आहे, असे मी घरात सांगितलेही. पुढे पावसाळा आला तेव्हा आप्पांच्या तोंडी पाऊस 'लागला', हिवाळ्यात थंडी 'आली', आणि माझ्याकडे काही विचारायला आले की त्यांना शंका 'निघालेली' असे. काही महिन्यांनी माझ्या ध्यानात आले की हे काव्य नव्हे, ही काटेकोर टाळाटाळ आहे. कोपऱ्यावरच्या भाजीवालीलाही ते ठाऊक होते आणि ती मुद्दाम खोडी काढीत असे.

"आप्पा, लासलगावला कांदा पडला म्हने."

"कांदा जागेवर आहे. भाव उतरला."

"तेच म्हन्ते मी. पडला."

"तुम्ही म्हणा. मला पावशेर मिरची द्या."

आप्पांचा डावा हात कोपरात वाकलेला असे आणि तो कधी सरळ होत नसे. डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नव्हते. म्हणून त्यांच्याबरोबर चालायचे तर उजव्या बाजूने, हा गल्लीचा नियम होता. दर रविवारी ते सायकल उलटी उभी करून तिची तपासणी करीत. गुलाबाची रोपे सुतळी ताणून एका रेषेत लावीत, आणि एखादे रोप फोफावून रेषेबाहेर आले, तर त्याला काठीचा आधार देऊन परत रांगेत आणीत. बोलण्यातही त्यांना अशीच रेषा लागे. एकदा माझे यजमान सहज म्हणाले, "पलीकडच्या चाळीत काल भांडण झालं."

"रिपोर्ट अधुरा आहे, साहेब," आप्पा म्हणाले. "कोणाचं, कशावरून?"

"ते नाही माहीत. आवाज आला."

"मग 'आवाज आला' म्हणा. भांडण झालं की नाही, ते आपण पाहिलं नाही."

यजमान त्यानंतर त्यांच्याशी क्रिकेटखेरीज कशावरही बोलत नसत. मला मात्र हा माणूस आवडत चालला होता. वाक्यातल्या शब्दाची इतकी जबाबदारी घेणारा विद्यार्थी मला वर्गात क्वचितच लाभला.

त्या एका क्रियापदाचे कारण मला त्यांच्या पत्नीने, सीतावहिनींनी सांगितले. आप्पा फौजी कॅन्टीनला गेले होते आणि आम्ही दोघी ओट्यावर मेथी निवडत होतो.

"तो शब्द आमच्या घरात येत नाय बाई," वहिनी म्हणाल्या. "भिकाच्या आईनं तो ह्यांच्या कपाळी मारलाय."

त्यांनी सांगितले ते असे. एकाहत्तरच्या लढाईत आप्पा पश्चिम सीमेवर होते. त्यांच्याच गावचा, त्यांच्याच बरोबर भरती झालेला भिका देवरे त्याच तुकडीत होता. एका सकाळी दोघे बरोबर चालले असताना शत्रूचा तोफगोळा आला. भिका जागच्या जागी गेला. आप्पा लांब फेकले गेले. कोपराचे हाड मोडले, कानाचा पडदा फाटला. अर्धवट शुद्धीत त्यांना इस्पितळात नेण्यात आले. तिथे एका कारकुनाने जखमेच्या कारणापुढे इंग्रजीत एकच शब्द लिहिला: 'फॉल'. म्हणजे, पडल्यामुळे. तुकडी दुसऱ्याच दिवशी पुढे सरकली होती. आप्पांना बरे वाटेपर्यंत ही नोंद सरकारी कागदांतून पुष्कळ प्रवास करून पक्की झाली होती. फाटलेल्या कानाने काही सिद्ध होत नव्हते, कारण तोफेवरच्या माणसाचा कान बधिर होणे यात फौजेला नवल नव्हते.

लढाईनंतर गावाने दोघांचा गौरव करायचे ठरवले आणि तशी विचारणा केली. आलेले उत्तर शाळेच्या पटांगणात, सगळ्या गावासमोर मोठ्याने वाचले गेले. भिका देवरे शत्रूच्या तोफगोळ्याने वीरगतीस प्राप्त. निंबा अहिरे अपघाताने पडून जखमी. समोर भिकाची आई जिजाई बसली होती.

"ती उभी ऱ्हायली," वहिनी म्हणाल्या. "म्हनली, माझं पोर गोळ्याखाली गेलं आन हा पळताना पडून वाचला. 'पळताना' कागदात नव्हतं बाई. ते तिनं लावलं. पन गावानं तेच धरलं."

"आणि आप्पांनी काहीच सांगितलं नाही?"

"तिच्या दारात गेले की. तिनं पाठ फिरवली. सरकारचा कागद खोटा का, म्हनली. ह्यांना तिथंच उत्तर सुचंना. फौजेचा कागद खोटा असं ह्यांच्या तोंडून निघनार हाय का?"

निवृत्तीनंतर आप्पा गावी राहायला गेले नाहीत ते यामुळे. शेत भावाकडे सोपवून ते देवळालीतच थांबले. त्यांना हवे होते ते थोडके होते. शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्या सैनिकाला सरकार एक पदक देते. फौजी बोलीत त्याला 'वूंड मेडल' म्हणतात. नोंदीतला 'फॉल' दुरुस्त झाला, तर आप्पा त्या पदकाला पात्र ठरणार होते. आणि पदक हातात आले, तर ते जिजाईच्या दारात पुन्हा उभे राहू शकणार होते. कागदाने घालवलेली पत कागदानेच परत आणायची, असा त्यांचा सरळ हिशेब होता. अडचण एकच होती. जिजाई म्हातारी होत चालली होती. गावाहून कोणी आले की आप्पा पीकपाण्याच्या आधी विचारीत, "जिजाई आहे ना?" 'आहे' असे उत्तर आले की मगच पाहुण्याला पाणी मिळे.

माझ्याकडे ते अर्जासाठी आले त्याला एक पूर्वेतिहास होता. पहिला अर्ज त्यांनी नाशिकला कचेरीबाहेर बसणाऱ्या एका टंकलेखकाकडून लिहवून घेतला होता. त्याने सरावाने ठोकून दिले की बॉम्बच्या आवाजाने अर्जदार खाली पडला. उत्तर आले की अर्जदार स्वतःच पडल्याचे मान्य करतो. सबब नोंद योग्य आहे. तेव्हापासून आप्पांचा टंकलेखन या कलेवरचा विश्वास उडाला होता.

"बाई, इंग्रजी साधं चालेल," ते मला म्हणाले. "पण वाक्य शुद्ध पाहिजे. मी तो शब्द केलेला नाही."

"कोणता शब्द?"

"तुम्हाला ठाऊक आहे."

मी आधी मराठी मसुदा लिहिला. 'शत्रूचा गोळा जवळच पडला' असे वाचून दाखवताच त्यांनी उजवा हात वर केला. "गोळा आला, असं लिहा." मी समजावले की इथे पडणारा गोळा आहे, तुम्ही नव्हे, कर्ता निराळा आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बाई, वाचणारा कर्ता बघत नाही. तो शब्द बघतो." व्याकरणाच्या शिक्षिकेने मसुद्यात खोडाखोड केली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे गोळा 'आला'. अर्ज गेला आणि यथावकाश परत आला: दुखापतीचे कारण 'फॉल' असे स्पष्ट नोंदलेले आहे, शत्रूच्या माऱ्याचा उल्लेख नाही. त्यानंतर आणखीही अर्ज केले. पत्ते बदलत गेले, उत्तर बदलले नाही.

या सगळ्या काळात आप्पांनी त्या प्रसंगाविषयी माझ्याशी जे बोलणे केले, ते त्यांच्या जपून वापरायच्या मराठीत. त्यांच्या तीन भाषा होत्या. बाहेर फौजी हिंदी, माझ्याशी पुस्तकी मराठी आणि घरात अहिराणी. ही तिसरी भाषा पाहुण्यांसमोर काढायची नाही, असा त्यांचा दंडक होता. तो एका दुपारी वहिनींनी मोडला.

त्यांच्या भाचीचे लग्न गावी ठरले होते आणि आप्पा नेहमीप्रमाणे जायला तयार नव्हते. मी वाटीभर साखर परत करायला गेले, तर स्वयंपाकघरातून वहिनींचा चढलेला आवाज येत होता.

"झोपमा बी तुम्हनं एकच शे. गोया पडना, गोया पडना. तो गोया आजून तुम्हना डोकामा पडी ऱ्हायना. मन्ही भाचीनं लगीन शे, माले जानं शे."

मी दारातच थांबले. वहिनी बाहेर आल्या आणि मला पाहून ओशाळल्या.

"वहिनी, आत्ता काय म्हणालात?"

"घरातलं बोलनं बाई. मनावर घेऊ नका."

"नाही, ते पहिलं. गोया…?"

"गोया पडना. गोळा पडला. आमच्यात गोळ्याला गोया म्हन्तात. शाळेला शाया, केळीला केयी."

मी साखरेची वाटी तिथेच ठेवली आणि आप्पांच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. "आप्पा, इस्पितळात त्या कारकुनानं विचारलं, काय झालं. तुम्ही काय सांगितलंत?"

"जे घडलं ते."

"कोणत्या भाषेत?"

त्यांनी वाकलेले कोपर चोळले. मग म्हणाले, "शुद्ध कुठे होती, बाई. आईच्याच बोलीत बोललो असणार."

"आणि तो कारकून?"

"उत्तरेकडचा. भला माणूस होता. दोनदा विचारलं त्यानं."

मला जे दिसले ते मी त्यांना वहीच्या मागच्या पानावर लिहून दाखवले. 'गोया पडना.' दोन शब्दांचे वाक्य. पहिला कर्ता, दुसरे क्रियापद. त्या कारकुनाला अहिराणी येत नव्हती. 'गोया' म्हणजे गोळा, हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. त्याच्या भाषेत 'गोया' या शब्दाचा अर्थ 'जणू' असा होतो, आणि जखमी माणूस 'जणू' कशाला म्हणेल? तो शब्द त्याने कण्हण्यात जमा केला असावा. उरले 'पडना'. ते मात्र त्याच्या ओळखीचे निघाले. कोण पडले? समोर पडलेला माणूस दिसतच होता. त्याने लिहिले, 'फॉल'. कर्ता हरवला आणि क्रियापद तेवढे उरले.

आप्पांनी ते पान जवळ ओढून पाहिले. मला वाटले होते त्यांना हायसे वाटेल. ते म्हणाले, "म्हणजे मीच बोललो."

"बरोबर बोललात," वहिनी आतून म्हणाल्या. "ऐकनारा चुकला."

पुढचा अर्ज आम्ही तसाच, व्याकरणाच्या धड्यासारखा लिहिला: अर्जदाराची मातृबोली कोणती, तिच्यात 'ळ'चा 'य' कसा होतो, अर्जदाराच्या वाक्याचा कर्ता कोण. सरकारदरबारी एवढा भाषाविचार कोणी वाचेल, अशी मला आशा नव्हती. पण या वेळी उत्तराचा सूर बदलला. खुलासा विचारात घेण्याजोगा आहे, असे त्यात म्हटले होते. मात्र प्रत्यक्ष घटना पाहिलेल्या अधिकाऱ्याचे शपथेवरचे निवेदन हवे.

त्या तुकडीतले त्या वेळचे तरुण कॅप्टन पुढे मेजर होऊन निवृत्त झाले होते आणि नाशिकलाच गंगापूर रोडला राहत होते. देवळालीत जुन्या तोफवाल्यांचा मेळावा भरला, तेव्हा आप्पांना त्यांचा पत्ता लागला. आम्ही दोघे त्यांच्या घरी गेलो. आप्पा दिवाणखान्यात शिरले आणि त्या वयातही टाच जुळवून उभे राहिले. मेजरसाहेबांनी त्यांना खांद्याला धरून बसवले.

"निंबा, तू ज़िंदा है? मैंने तो सोचा, तोप के साथ तू भी रिटायर होके म्यूज़ियम में चला गया."

"साहब, म्यूज़ियम में जगह नहीं थी."

दोघे हसले. मेजरसाहेबांना प्रसंग नीट आठवत होता. गोळा कुठे आला, भिकाला कोणी उचलले, हे त्यांनी न अडखळता सांगितले. मग कागद घेऊन ते इंग्रजीत निवेदन लिहू लागले आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागले. त्याचा अर्थ असा होता की गनर निंबा अहिरे शत्रूच्या माऱ्यात न डगमगता आपल्या तोफेवर काम करीत असताना जखमी झाला.

आप्पा खुर्चीच्या कडेला सरकले. "साहब, मैं तोप पे नहीं था."

"मालूम है."

"मैं और भिका लंगर से दाल की बाल्टी ला रहे थे. डंडे में डाल के. एक सिरा उसका, एक मेरा."

"निंबा, सब मालूम है. पर काग़ज़ पढ़नेवाला बाबू दाल की बाल्टी पे मेडल देगा क्या? बरसों से तेरी अर्ज़ी लटकी है. एक लाइन बदलने से किसका नुक़सान है?"

मलाही तसेच वाटत होते. नियमाप्रमाणे बालदी नेणाराही शत्रूच्याच गोळ्याने जखमी होतो. पण नियम वाचणाऱ्याचे मन तोफेच्या उल्लेखाने लवकर वळेल, हे उघड होते. शिवाय हा शब्द आप्पांचा नव्हता; त्यांच्या अधिकाऱ्याचा होता, आणि अधिकाऱ्याचा शब्द मोडणे त्यांना ठाऊक नव्हते. मी आप्पांकडे पाहिले. त्यांचे ओठ हलत होते, हिंदीत वाक्य जुळवीत असावेत. शेवटी ते म्हणाले, "साहब, मैं तोप पे था, तो डंडे का दूसरा सिरा किसके कंधे पे था? भिका अकेला तो बाल्टी नहीं उठाता."

मेजरसाहेबांनी लेखणी खाली ठेवली. मग तो कागद फाडून त्यांनी दुसरा घेतला आणि जसे घडले तसे लिहिले: दोन जवान, एक दांडा, एक बालदी. लिहून झाल्यावर विचारले, "अब ठीक है?"

"ठीक है, साहब."

परतताना बसमध्ये मी म्हटले, "आप्पा, यानं कदाचित उशीर होईल."

"होईल," ते म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "जिजाईला आता दिसत नाही म्हणतात. खरं असेल का?"

उशीर झालाच. नवे शतक उजाडून काही वर्षे उलटली होती. दरम्यान गावाहून येणारी उत्तरे आखूड होत गेली होती. जिजाई आहे, पण उठत नाही. आहे, पण माणूस ओळखत नाही. आज ओळखते, उद्या नाही. शेवटी एक लिफाफा आला. त्यात म्हटले होते की दुखापतीच्या कारणाची नोंद दुरुस्त करण्यात आली असून 'फॉल' हा शब्द रद्द समजावा. शत्रूचा तोफगोळा जवळ पडून झालेली जखम, असे वाचावे. मी ते आप्पांना आधी इंग्रजीत आणि मग मराठीत वाचून दाखवले. त्यांनी मराठी वाक्य दुसऱ्यांदा वाचायला लावले. पदक मागाहून आले. ते आले तेव्हा मला वाटले की आता आप्पा तरी पावसाला पडू देतील. तसे झाले नाही. एवढ्या वर्षांत त्यांनी जी भाषा घडवली होती, तिच्यात त्या क्रियापदाला जागाच उरली नव्हती.

मी त्या वर्षी निवृत्त झाले आणि आम्ही पुण्याला मुलाकडे जायचे ठरवले. जाण्याआधी आप्पांनी मला एक काम सांगितले. "पत्र इंग्रजीत आहे. तिथे मराठीत वाचायला तुम्ही चला. मी वाचलं तर माझंच म्हणणं होईल."

आम्ही तिघे नाशिकहून सटाण्याच्या गाडीने आणि पुढे जीपने गेलो. आप्पांनी कोट घातला होता आणि त्यावर पदक लावले होते. गावात शिरल्यावर चावडीपुढे बसलेल्या माणसांनी ते पाहिले, एकाने हात जोडले. जिजाईच्या घरापाशी येताच आप्पा थांबले, पदक काढले आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवले.

जिजाई ओसरीवर खाटेवर बसली होती. अगदी लहानखुरी झालेली, डोळ्यांवर पांढरा पडदा आलेला. पावलांचा आवाज ऐकून तिने मान वळवली.

"कोन शे?"

"निंबा, माय."

तिने पाठ फिरवली नाही. मी पुढे होऊन माझी ओळख सांगितली आणि पत्राचा मराठी मजकूर सावकाश वाचला. शेवटच्या वाक्यापर्यंत तिने ऐकून घेतले. मग हाताने हवेत काही बाजूला सारल्यासारखे केले.

"कागद ऱ्हाऊ दे. तू सांग."

आप्पा तिच्या पायाशी जमिनीवर बसले आणि सांगू लागले. ती अहिराणी मला सगळी कळली नाही. पण दांडा, बालदी, सकाळचे धुके, भिका पुढे आणि आपण मागे, एवढे कळले. तिने मध्ये एकदाच विचारले.

"बालदीमा काय व्हतं?"

"दाय, माय."

"तो जेवना व्हता?"

भिका जेवला होता का, या एका प्रश्नाला आप्पांनी 'हो' म्हटले असते, तर मी ते खोटे मानले नसते. मला वाटले, ते म्हणतील. वहिनींनीही पदर तोंडाशी नेला होता.

"नही, माय," ते म्हणाले. "लोकेस्ले वाढीसन आम्ही मांगून जेवनार व्हतूत."

जिजाईने विचारले, "म्हंजे तू बी उपाशीच व्हता?"

"हा, माय."

"सूनबाई," तिने आत हाक मारली, "याले ताट वाढ."

माझी परतीची गाडी दुपारची होती. आप्पा आणि वहिनी तिथेच राहणार होते. जीपवाला घाई करू लागला तेव्हा मी निरोप घ्यायला ओसरीकडे परत आले, पण पायरीवरच थांबले. आप्पा मांडी घालून जेवत होते. वाकलेला डावा हात मांडीवर, मान खाली. जिजाई खाटेवरून उतरून त्यांच्यासमोर बसली होती आणि तिचा एक हात त्यांच्या ताटात होता. बोटांनी ती चाचपून पाहत होती, आणि भाकरी संपत आली की आत आवाज देत होती.